टेप

उत्तरायणाच्या आदल्या रात्री हेरंबनं
माझ्या प्रयोगशाळेतली टेप पळवली.
तर्जनीला तीन वेढे, मधल्या बोटाला दोन,
मांजा कापतो म्हणून.

उरलेल्या रिळावर माझं चाललंय.
ग्राफाइटचा खडा, पेन्सिलीचाच भाऊबंद,
टेपवर दाबायचा, दुमडायची, उचकटायची,
पुन्हा दुमडायची, उचकटायची.
काळ्याचा राखाडी होतो, राखाडीचा धूर,
आणि धूरही विरला की
तिथे काहीतरी उरलेलं असतं.
पहिल्या वर्षी मला हे पटायचं नाही.
कनुभाई म्हणायचे,
‘बेन, दिसत नाही ना? मग बरोबर चाललंय.’

जांभळ्या चिपवर तो पापुद्रा
जांभळाच, फक्त एक छटा गडद.
खाली कोरलेला खड्डा, दोन मायक्रॉन रुंद.
त्यावर ताणून बसला तर डफ.
बेचाळीस चिपा केल्या.
एकेचाळिसांवर सुरकुत्या, किंवा भोक, किंवा
माझी शिंक.

आज सगळं बडोदं धाब्यावर.
मी सण धाब्यावर बसवून तळघरात.
रावपुऱ्यातले भोंगे भिंतीतून येतात,
‘काप्यो छे!’ म्हणून कुणी नाचलं
की लेसरचा ठिपका डफावरून घसरतो.
पुन्हा आणायचा.
पुन्हा घसरतो.
संध्याकाळी तुक्कल चढले म्हणे, दिव्यांची माळ.
मी पाहिले नाहीत. पंपाचा काटा पाहत होते.

रात्री अडीचला शहर दमलं.
पडद्यावरच्या गवतातून
एक पातं सरळ उभं राहिलं:
एकतीस मेगाहर्ट्झ.
मी श्वास रोखला. गरज नव्हती,
तो निर्वातात आहे,
माझा श्वास त्याच्यापर्यंत पोचत नाही.

सकाळी हेरंब उंधियूचा डबा घेऊन आला.
‘एवढ्याशा डफाचं करायचं काय?’
‘वजन.’
‘कशाचं?’
‘त्याच्यावर येऊन बसेल त्याचं.’
मी पडदा दाखवला.
रात्रीतून पातं केसभर डावीकडे सरकलं होतं.
‘म्हणजे काहीतरी बसलंय?’
‘हो.’
‘काय?’
ते मला सांगता आलं नाही.

तो बोटावरची टेप सोडत होता,
दात लावून, जपून.
मग तो पट्टा टेबलावर टाकून जेवायला बसला.
मी उचलला, आणि सवयीनं
उजेडासमोर धरला:
मांज्याची काच, गुलाबी रंग,
थोडी त्याची कातडी,
रेषांसकट.