छाट

नऊ मशीनं. एकही धड नाही.
तीन बंद पडलेल्या सायबर कॅफेतली,
पोटात अजून कुणाकुणाचे बायोडाटे:
आयटीआय फिटर, अविवाहित, कुठेही जाण्याची तयारी.
चार पतसंस्थेच्या लिलावातली,
चालू केली की आधी खातेक्रमांक मागतात.
एक दस्तगीर नाईकवाडीचं.
केबलचा धंदा बसल्यावर त्यानं ते
वायरीच्या वेटोळ्यासकट दारात आणून टाकलं,
म्हणाला, आता मी कुणाच्या गच्चीवर चढू?
आणि एक अक्कोळ रोडच्या कन्नड शाळेतलं,
कळांवर गोल अक्षरांचे स्टिकर,
निम्मे निघालेले, निम्मे हट्टानं बसलेले.

मार्चात निपाणीत वखारींतून जो वास सुटतो
तो नऊ पंख्यांनी आत ओढला.
खोलीत शिरणारा प्रत्येकजण शिंकायचा.

फिल्म चार मिनिटं दहा सेकंदांची.
वेदगंगेच्या डोहावर एक बगळा
उतरतो, चुकतो, पुन्हा उतरतो. बस.
पण पाणी मशीनला जड जातं.
एका चित्राला तास, आणि चित्रं सहा हजार.
एकट्यानं अडीचशे दिवस,
त्यात मंगळवारचं वीज जाणं धरलेलं नाही.

म्हणून एकाला मुकादम केलं,
आठ वायरीला बसवली.
ज्याचं संपलं त्यानं पुढचं मागायचं.
पतसंस्थेचं तीन नंबर
एकेका चित्रात दोन तास घालवतं, घालवू दे.
तेवढं एक तरी दुसऱ्याच्या डोक्यावरून उतरलं.

आई चौकटीला टेकून बघत होती.
तेहतीस वर्षं विड्या वळलेली बाई.
"सेकंदाला किती म्हणालास?"
चोवीस.
"कट्ट्यात पंचवीस असत्यात.
पंचविसावी कुणी खाल्ली?"

रात्री म्हणाली, तू पड, मी बघतो,
छाट निघाली तर बाजूला काढतो.
काळं पडलेलं, अर्धंच उतरलेलं,
बगळ्याला पाय नसलेलं,
सगळ्यांचे आकडे वहीत.
त्याच वहीच्या मागच्या पानांवर
कारखान्याच्या चेकरनं तिच्या हजारातून
कधी ऐंशी, कधी दीडशे कापलेल्या.
तिनं माझ्या पहिल्या हजारातून एकसष्ट कापली.
दया नाही.

सतराव्या दिवशी तुकडे जोडून चालवले
तर डोह लुकलुकायला लागला.
मी रंग तपासले, उजेड तपासला,
केबल बदलली,
दस्तगीरला दोन शिव्या घातल्या.
आईनं चष्मा कपाळावर सरकवला.
"एकीच्या हातची न्हाईत ही.
दर आठवी निराळी हाय बघ,
सावली निळी पडत्या.
कोण वळतंय ती?"

कन्नड शाळेतली वळत होती.
तिच्यात प्रोग्रॅम एक पायरी जुना राहिलेला,
माझ्याच हातनं.

काढून टाकतो, म्हणालो.
"का? वळण चांगलं हाय की तिचं.
दुसरीच्या कट्ट्यात मिसळू नगंस, एवढंच.
तिला तिचा आख्खा कट्टा दे."

तर पहाट तिला दिली.
बगळा यायच्या आधीचं नुसतं पाणी,
नऊशे चित्रं, एकटीला.
बाकीची पंधरवड्यात उरकून थंड झाली,
दोन तर भंगारवाल्यानं नेलीसुद्धा.
ही आपली
त्या रिकाम्या खोलीत
एका पंख्याच्या घरघरीवर
तासाला एक
पाणी काढत बसलेली.

अडतिसाव्या दिवशी मी चिकोडीला गेलो होतो,
लग्नाच्या शूटिंगचे अडकलेले पैसे मागायला.
आलो तर वही उघडी.
नऊशे पुऱ्या, छाट चार.
आणि वळणारणीच्या नावाच्या रकान्यात
आईनं कळेवरचं एक गोल अक्षर
बघून बघून काढलेलं.
उलटं.

"हजारी काय धरलीयस हिची?"
तिनं आतून विचारलं.
मी चपला काढत राहिलो.