मंगळवार, अडीच ते साडेचार

रात्री दोनला हे उठतात. मेल आलेली असते.
रेल्वे डाकेतून रिटायर होऊन सतरा वर्षं झाली,
पण यांच्या कानात गाडी अजून प्लॅटफॉर्मला लागते
आणि कोणीतरी पोती खाली फेकतं.
मग चपलांच्या रॅकमध्ये सॉर्टिंग सुरू:
मोजे वरोऱ्याला, चमचे गोंदियाला.
माझा चष्मा एकदा बालाघाटला गेला,
तीन दिवस आला नाही.

मी म्हणते, "झोपा ना आता."
"बाई, ड्यूटीच्या जागी येऊ नका."
बाई.
अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात
इतक्या अदबीनं कधी बोलले नव्हते.

मे महिना. कूलरची टाकी मी भरते,
हे मगानं रिकामी करतात, फरशीवर.
परवा मनगट धरून ओढलं यांना, जोरात.
बांगडी पिचली, काच यांच्याच हाताला लागली.
हळद दाबत होते तेव्हा विचारलं,
"कोणी मारलं हो मला?"
म्हटलं, "होती एक. गेली."

मेडिकलच्या डॉक्टरनं गोळ्यांच्या खाली लिहिलं:
सांभाळणाऱ्यानेही विश्रांती घ्यावी.
औषधवाल्यानं गोळ्या दिल्या.
शेवटची ओळ त्याच्याकडे नव्हती.
नणंद पुण्याहून म्हणते, "वहिनी, स्वतःला जपा हं."
जपते.
कुठल्या डब्यात जपून ठेवू, तेवढं सांगा.

मग एका मंगळवारी खोब्रागडे भाऊजी आले.
यांच्याच सेक्शनचे. गुडघ्याला पट्टा,
सायकलला पिशवी, पिशवीत लग्नपत्रिकांची
जुनी पाकिटं, शे-दीडशे.
कसे आहेत, विचारलं नाही.
औषधं कोणती, तेही नाही.
पलंगावर पाकिटं ओतली अन् म्हणाले,
"रंगारी, आजचा लोड पाहून राहिला ना बापा? सरक."
हे सरकले!
माझ्याकडे न पाहता भाऊजी बोलले,
"तुम्ही निघा वहिनी. साडेचारपर्यंत मी आहो.
पुढच्या मंगळवारीही."

निघा म्हणजे कुठं?
पर्स घेतली, ठेवली, घेतली.
गॅस पाहिला. परत पाहिला.
जिन्यावर शाळा बुडवल्यासारखे पाय.
इंदोरा चौकात मेट्रोत बसले,
थंडगार, आणि कोणी हाका मारीना.
कडबी चौक, गड्डीगोदाम.
झिरो माइलपर्यंत डोळे उघडे होते.

"मावशी, खापरी. शेवटचं स्टेशन."
गार्डचं पोरगं दांडी वाजवत होतं.
गालावर लाळ, पदर कुठल्या कुठं.
मी विचारलं, "मी कुठं आहे?"

आणि हा आवाज माझ्या ओळखीचा निघाला.
रोज ऐकते. रात्री दोनला, पहाटे, जेवता जेवता.
आजवर त्याला उत्तर देत आले,
कधी नीट, कधी दात ओठ खाऊन.
असा आतून कधी ऐकला नव्हता.

पोरगं हसलं नाही. कुठून आल्या, कोणी सोबत नाही का,
काही नाही.
"त्या बाजूची गाडी धरा," म्हणालं,
आणि मी चढेपर्यंत तिथंच उभं राहिलं.

घरी पोचायला चार चाळीस झाले.
दहा मिनिटांसाठी मी कान पकडले.
भाऊजी चहा टाकून बसलेले, साखर सापडली नव्हती,
बिनसाखरेचाच पीत होते.
पलंगावर सुतळीनं बांधलेल्या बावीस गड्ड्या,
एकही गाठ सैल नाही.
यांच्या बोटांना धूळ, कपाळाला घाम,
आणि चेहरा कामावरून सुटलेल्या माणसाचा.

मान वर न करता म्हणाले,
"बाई, खिडकी बंद झाली. उद्या या."
"मंगळवारी येते," मी म्हटलं.

भाऊजी सायकलची किल्ली शोधत होते.
ती भंडाऱ्याच्या कप्प्यात निघाली.