पाच गेली, चार आली

निलंग्याहून सहा दहाची गाडी.
सहाला मी स्टँडवर असते,
खदीरभाईंच्या हातात डबा देते,
आणि उगंच विचारते, वेळेवर हाय का?
ड्रायव्हरच्या मागं डब्यांचा ढीग,
लातूरला ट्युशनला गेलेली सगळ्यांची लेकरं.
आमच्या डब्यावर ऑइलपेंटनं: शिवलीला म. बिराजदार.

जूनमध्येच तिनं सांगितलं,
आई, भाकरी नको, रूमवरच्या पोरी सँडविच खातात.
बरं म्हणाले.
ब्रेड आणला, काकडी चिरली,
आत मात्र शेंगदाण्याची चटणी. एवढं तर आमचं असू दे.
चांदीच्या कागदात गुंडाळून दिलं आठ दिवस.
आठ चुरगळलेले गोळे डब्यातून परत आले.
टाकवेनात. नखानं सरळ करत बसले
तर मालक म्हणाले,
"काय करायलीस? नोटा हायत का त्या?"

ब्लाउज शिवणाऱ्या बाईच्या घरी चिंध्यांना काय तोटा,
पण अन्नाला सुतीच लागतं.
टेरिकॉटमध्ये ब्रेड घामेजतो,
अस्तराच्या कापडाला तर दुकानाचा वास.
मालकांचा निळा चौकडीचा शर्ट निघाला.
"अजून दोन वर्षं चालला असता," ते म्हणाले,
तोवर पाठीत कात्री गेली होती.
एक वीत, वर चार बोटं. कड दुमडून दुहेरी टीप,
एका कोपऱ्याला नाडी.
एका फडक्यावर छातीचा खिसा आला,
तो उसवायचा राहिला.
खरं तर राहिला नाही, ठेवला.

मेण नागनाथनं दिलं,
चिंचेवरचं मोहोळ झाडलं तेव्हाचं,
पिवळंधमक, आत दोन मेलेल्या माशा.
किसणीवर किसलं, कापडावर भुरभुरलं,
वर पेपर ठेवून इस्त्री फिरवली,
तर सोयाबीनचा भाव उलटा छापला गेला फडक्यावर.
दुसऱ्याला कोरा कागद घेतला.
हाताच्या उबेनं वळायचं ते, आणि वळवलं तसं राहायचं,
माझ्या पोरीपेक्षा शहाणं.

ऑक्टोबरच्या उन्हात कुणीतरी डबा बॉनेटवर ठेवला.
दुपारी फोन: आई, आज मेणबत्ती खाल्ली.
तेव्हापासून मेण बंद,
नुसतं कापड, किंचित ओलं करून.

खिशातून चिठ्ठ्या येऊ लागल्या.
चटणी जास्त.
फिजिक्स बरा गेला.
एकदा नुसतंच, हं.

मग पाच गेली, चार आली.
पुढच्या आठवड्यातही चार,
आणि नेमकं खिशाचंच नाही.
फोनवर बोलू नये ते बोलले,
वस्तू सांभाळता येत नाही, माणसं काय सांभाळशील, असं काहीबाही.
ती गप्प. मग म्हणाली,
प्रणोतीकडं आहे. किनवटची आहे ती.
तिकडून कुठला डबा यायला.
अर्धं मी तिला देते.

अर्धं.
म्हणजे चार महिने पोरगी अर्ध्यावर.
मी फोन ठेवला आणि कपाटाशी गेले.
मालक आता शर्ट मोजून ठेवतात.

दिवाळीच्या आदल्या गाडीनं निळं फडकं परत आलं.
खिशाचं तोंड फाटलेलं, पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेलं.
निळ्यावर पांढरा.
आणि टाका तरी कसला,
एक टाका, गाठ, दोरा तोडलेला,
पुन्हा एक टाका, पुन्हा गाठ,
दवाखान्यात घालतात तसे सात.
गिऱ्हाइकाच्या ब्लाउजवर असलं दिसतं
तर आधी उसवलं असतं.
सुई घेतलीही होती.

खिशात चिठ्ठी, अक्षर आमच्या पोरीचं नाही:
काकू, भाकरी जमेल का?

सुई परत गादीला टोचली.
आता तवा पाचलाच ठेवते.