दाब. धर. सोड.

ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं,
हे मला माहीत नव्हतं.
झाकण घट्ट असो, गाडी उभी असो,
वर्षानुवर्षं त्यात पाणी मुरत राहतं,
आणि एका दुपारी उतारावर
तापलेल्या डिस्कशेजारी उकळून त्याची वाफ होते.
वाफेवर पाय ठेवून कुणी थांबत नाही.

आम्ही थांबलो खडीच्या ढिगात,
व्रशिचच्या घाटातून त्रेंताकडे उतरताना,
एकेचाळिसाव्या वळणावर.
तिथे प्रत्येक वळणाला नंबर आहे,
नंतर गोष्ट बदलता येत नाही.
एक आरसा फुटला. माझा दात ओठात रुतला.
लुडविक खाली उतरला आणि त्यानं आधी
बंपर पाहिला.

नऊ महिने मी भावाच्या गॅरेजची पायरी चढले नाही.

ही लान्सिया त्यानं आणली तेव्हा तिच्यात कोंबड्या निजायच्या.
तीन हिवाळे तो तिच्या इंजिनात कोपरापर्यंत बुडालेला:
टर्बो नवा, इंटरकूलर मोठा, एग्झॉस्ट असा
की गाडी सोचाच्या पुलावर आली की
आई घरात कॉफीचं आधण ठेवायची.
पळण्यासाठी एवढं सगळं.
थांबण्यासाठी दमडी नाही.
पुढच्या डिस्क कारखान्यातून आल्या त्याच,
झिजून कडेला धार आलेल्या.
शॉकमधून तेल गळायचं, आणि ब्रेक लावला की
काही हरवल्यासारखी ती नाक रस्त्याला लावायची.

मे महिन्यात त्याचा फोन.
"एक पाय हवाय."
"तुला दोन आहेत."
"एक माणूस आत लागतो, एक खाली."

त्यानं माफी मागितली नाही. सामान मागवलं होतं.
चांगल्या दोन बोटं मोठ्या डिस्क,
चार पिस्टनचे कॅलिपर, इतके रुंद
की जुनं चाक त्यांच्यावर बसेचना.
पुठ्ठ्याचा साचा कापून आधी बघायला हवं होतं.
बघितलं नव्हतं.
आता शेजारच्या मिरानची सतरा इंची चाकं, उसनी,
रंगानं बेंगरूळ.
नव्या स्प्रिंगा आखूड, ताठ.
खालच्या आर्मचा बोल्ट दोन दिवस तेल पिऊन,
एक दिवस आग सोसून, शेवटी
मिरानच्या शिवीला घाबरून निघाला, म्हणे.

मी सीटवर बसले. तो चाकाच्या कमानीत दिसेनासा झाला.
"दाब."
दाबलं.
"धर."
पायाखालचं पेडल हळूच जमिनीला टेकलं,
तेच, एकेचाळिसाव्या वळणावरचं,
आणि माझा हात आपोआप दाराकडे गेला.
"झोरा, धर."
धरलं.
"सोड."

मधाच्या रिकाम्या बरणीत पारदर्शक नळी.
आधी आलं चहाच्या चोथ्यासारखं काळं,
मग बुडबुडे, मोठे, मग मोहरीएवढे,
मग नुसतं स्वच्छ, मधाच्याच रंगाचं.
चार चाकं, लांबच्यापासून जवळच्यापर्यंत.
दोन तास आम्ही तीनच शब्द बोललो
आणि नऊ महिन्यांत पहिल्यांदा
एकमेकांचं ऐकलं.
शेवटी पेडल वर आलं, कडक, उंबऱ्यासारखं.

नव्या पॅडना डिस्कची सवय लावावी लागते:
ऐंशीवरून तीसवर, दहा वेळा,
पण पूर्ण थांबायचं नाही.
त्यानं किल्ली माझ्याकडे फेकली.
"पेडल तुझ्या पायाला ओळखतं आता."

बोवेत्सच्या बाहेर, सपाट रस्त्यावर, जळका वास,
एक गाय, दहा वेळा मोजून झालं.
मग घाट. वर जाऊन परत उतरताना
एकेचाळीसची पाटी दिसली आणि मी
दोन्ही पायांनी उभी राहावी तसा ब्रेक दाबला.
गाडीनं नाक खाली घातलं नाही.
वळणाच्या कितीतरी अलीकडे, रस्त्याच्या मधोमध,
ती गप उभी.

मागून पोस्टमनची स्कूटर हॉर्न वाजवत होती.
लुडविक खिडकीबाहेर खडीचा ढीग शोधत होता.
तो आता तिथे नव्हता; रस्ता दुरुस्त झाला होता.

"एवढं दाबायला लागत नाही," तो म्हणाला.
"माहितीय," मी म्हटलं,
आणि तरी जरा वेळ
पाय काढला नाही.