बेरु

सिद्रायनं सलून मोडलं तेव्हा
आरसे विकले गेले, खुर्च्या विकल्या गेल्या,
मासे कुणी घेईना.
ती काचेची पेटी मी रिक्षात मांडीवर धरून आणली,
खडे बाजारातनं अनगोळपर्यंत.
अर्धं पाणी माझ्या पँटीवर.
मथुरा दारातच म्हणाली,
"आपल्याला चार दिवसांनी पाणी, आणि ह्यांना रोज?"

एकतीस वर्षं उद्यमबागेत, फाउंड्रीत,
साच्यात लोखंड ओतत होतो.
पाण्याची नि माझी ओळख तहानेपुरती.
आता कोपरापर्यंत हात बुडवून
काचेवरचं शेवाळ खरवडतो,
तेव्हा चार केशरी मासे येऊन
माझे भाजल्याचे जुने डाग टोचून बघतात,
खायचं काही आहे का.

शेजारच्या गौरव्वानं मनीप्लांटची फांदी दिली.
माती नको, कुंडी नको,
काचेच्या काठावर टेकवायची नुसती:
"बेरु नीराग इरली."
मी ऐकलं, बेरे. बेरे म्हणजे वेगळं.
आठवडाभर फांदी वेगळ्या ग्लासात, मोरीच्या कट्ट्यावर.
ती पदर तोंडाला लावून हसली.
बेरु म्हणजे मूळ.
र-च्या पायाशी उकार की डोक्यावर मात्रा,
एवढाच फरक.
आमच्याकडं एवढ्यावरनंसुद्धा
पाट्या बदलतात.

मग मुळं उतरली.
आधी एकदोन, पांढऱ्या दोऱ्यासारखी,
नंतर एवढी की
सिद्रायचे मासे त्यातनं भांग पाडत जातात.
आठवड्यात वास मारणारं पाणी
महिना महिना नितळ.
माशांनी टाकलेलं पानांना लागतं म्हणे.
असेल. मी फक्त पानं मोजतो.

मथुराचा राग गेला नाही, त्याचा अळू झाला.
परड्यातला गड्डा आणून तिनं
फिल्टरच्या कडेला खोचला, मला न विचारता.
पानं सुपाएवढी.
एका सोमवारी बेसन भिजवलं, पान पसरलं,
आणि तिचा हात थांबला.
"अहो, हा माशांवर वाढलाय.
चालतो का आज?"

मला काय कळणार. गौरव्वाला हाक मारली,
त्यांच्यात अंडंसुद्धा चालत नाही.
तिनं पान उलटं केलं, शिरांवरनं बोट फिरवलं,
"एली अंद्र एली," म्हणाली.
पान म्हणजे पान.
आणि सहा वड्या ताटलीत घालून घेऊन गेली.

काल नळ आला रात्री दोनला.
पेटी उपसायला घेतली,
पहिली बादली उचलून गटारीकडं वळलो
तर भिंतीपलीकडं गौरव्वा,
केस सुटलेले, हातात कळशी,
जास्वंदीसाठी.
"चेल्लब्याड!"

ह्यावेळी मी बरोबर ऐकलं.
बादली भिंतीवर टेकवली
आणि हळूच तिरकी केली.