येत्या हंगामाचा फलक

जानेवारी. सायमा तळ्याकाठी उणे अकरा.
अग्निशमन केंद्राच्या दारावर टाउनोने फलक ठोकला;
चौथा खिळा वाकला, तसाच राहिला.

मार्चात फार्स.
मे महिन्यात राजाचं नाटक
(राजा टाउनोच, शेवटची बस डेपोत लावून आला की).
जुलैत एक घर, मोडकी घंटा
आणि मुकी मोलकरीण : राइली.

सव्वीस वर्षं विंगेत बसून
सगळ्यांच्या तोंडी शब्द घालणारी राइली.
"पाठांतर नाही, तुला सोपं," दिग्दर्शिका म्हणाली.

काल तालमीत टाउनो अडला.
सवयीने सगळे विंगेकडे वळले.
खुर्ची, तिच्यावर राइलीची लोकरी उशी.
मी तिकिटं मोजायचा थांबलो.

मंचावर, ताटली पुसता पुसता,
मोलकरणीचे ओठ हलले.