सातव्या मजल्याचं दार

शनिवारी रात्री साडेअकराला
मारिबोरच्या रेडिओवर बातम्या संपल्या की
निवेदक घसा खाकरून म्हणायचा, टेप तयार ठेवा,
आणि खेळ सुरू व्हायचा.
म्हणजे नुसती किंचाळी,
पत्र्यावरून खिळा ओढावा तशी,
चार मिनिटं वीस सेकंद.

ती आम्ही कॅसेटवर उतरवून घ्यायचो.
आई भांडी तशीच ठेवायची सिंकमध्ये.
बाबा खोकला गिळायचे.
वायर थेट जोडलेली,
त्यांचा खोकला टेपवर जाणारच नव्हता.
मी सांगितलं होतं दोनदा.
तरी गिळायचे.

त्या रात्री तिसऱ्या मिनिटाला
खिडकीखाली मोपेड थांबली.
इंजिन चालूच.
ठिणगीमागून ठिणगी, टक टक टक,
रेडिओत शिरली, तारेतून टेपवर गेली.
माझी बहीण झ्वोन्का उतरली,
ट्रकच्या कारखान्यातल्या द्रेयत्सशी
अर्धा मिनिट काहीबाही बोलत राहिली.
मी वरून शिवी हासडली.
दोघं हसली.

खेळ चालला. जवळजवळ.
एक पांढरा चौकोन, त्याला आम्ही माणूस म्हणायचो,
मनोरा चढायचा.
सातव्या मजल्यावर दार.
ते उघडायचं नाही.
किल्ली घेऊन, किल्ली टाकून,
उडी मारून, उलटं चालून,
नुसतं समोर उभं राहून,
अख्खा हिवाळा मी त्या दारावर डोकं आपटलं.
वर्गातल्या तीनेला थाप मारली, मागे समुद्र आहे.
आठवड्याने त्यानेच मला सांगितलं,
त्याच्या चुलतभावाने तो पाहिलाय.

वसंतात झ्वोन्का गेली
द्रेयत्सबरोबर स्वीडनला, रेल्वेने.
मोपेड जिन्याखाली राहिली.
आधी पत्रं यायची, मग नाताळची कार्डं,
मग कार्डांवर नावंसुद्धा छापील.
आता तीही नाहीत, तीन वर्षं झाली.

यंदा नोव्हेंबरात माझी नात नेझा
कुठूनसा तोच खेळ घेऊन आली.
उतरवायला तिला शिंक येण्याइतका वेळ लागला.
स्वच्छ प्रत. एकही ओरखडा नाही.
सातव्या मजल्यावर दार
ती धडकायच्या आतच बाजूला सरकलं,
आणि मागे काळा पडदा,
त्यावर "समाप्त",
खाली, ज्याने कुणी खेळ लिहिला
त्याच्या मांजराचं नाव.
एवढंच? नेझा म्हणाली.
मी चष्मा पुसत बसलो.

लोक विचारतात, तुमच्या वेळचे खेळ बरे होते ना?
हो म्हणायला जीभ शिवशिवते.
ते एका कॅसेटवर नऊ मावायचे
आणि नवांतले सहा टाकाऊ असायचे,
हे कुणी विचारत नाही म्हणून सांगत नाही.

काल दुपारी नेझा तिच्या खेळात
एका गोठलेल्या तळ्याकाठी बसली होती.
घोडा मोकळा सोडलेला, त्याच्या नाकातून वाफ.
शेजारी कोरियातली कुणी मुलगी.
दोघींना एकमेकींची भाषा येत नाही.
तासभर कुणी काही मारलं नाही,
काही जिंकलं नाही.
बर्फ पडत होता, तो त्या बघत होत्या.
मी चहा घेऊन आत आलो
तर तिने न वळताच बोट ओठांवर ठेवलं.
मी तिथेच उभा राहिलो.
कप बशीवर वाजू दिला नाही.

रात्री माळ्यावरून टेपरेकॉर्डर काढला.
पट्टा सैल झालाय, किंचाळी जरा खर्जात लागते.
पहिलं मिनिट. दुसरं.
नेझा कानांवर हात ठेवून दारात आली.
आजोबा, हा कसला आवाज?
टक, सुरू झालं. टक टक.
झ्वोन्का घरी येतेय, म्हटलं,
थांब जरा,
अजून अर्धा मिनिट ती खालीच आहे.